लाल टाक्याची चादर

फोन वाजला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

“सकीनाबी, दोनशे सहा करून टाका,” मॅनेजर श्रीधर म्हणाला.

“पाहुणे गेले?”

“करून टाका म्हटलं ना. चौकशीचं खातं तुमच्याकडे कधीपासून आलं?”

फोन ठेवून सकीना जराशी थबकली. ‘शांतनिद्रा’ हॉटेलांचा सगळ्या गावांत एकच नियम. पाहुणा चावीचं कार्ड परत देईपर्यंत त्याच्या खोलीला हात लावायचा नाही. कात्रजच्या या शाखेत ती अकरा वर्षं चादरी-टॉवेल सांभाळत होती, आणि हा नियम मोडलेला तिनं पाहिला नव्हता. पण श्रीधरला येऊन चारच महिने झाले होते. नवा माणूस, नवी घाई.

ट्रॉली ढकलत ती दुसऱ्या मजल्यावर गेली. दार वाजवलं. उत्तर नाही. कार्ड लावलं.

खोली रिकामी.

पलंगावरची चादर चुरगळलेली. खुर्चीवर स्वेटर. पलंगाखाली चपला, जोडीनं ठेवलेल्या. टेबलावर चष्मा, आणि चष्म्याशेजारी गोळ्यांची पट्टी. बाथरूमातली बादली कोरडी ठणठणीत.

सवयीनं हात चालू झाले. तिनं उशीचा अभ्रा काढून ट्रॉलीत टाकला. अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळा डाग होता. मग तिनं चादरीचं टोक उचललं आणि हात तिथंच थांबला.

टोकाला आतून लाल टाका होता.

सकीनानं पहिलं अक्षर गिरवलं ते पन्नाशीत. त्याआधी चादरींच्या गठ्ठ्यांवर मजल्यांच्या चिठ्ठ्या लावत, त्या तिला वाचता येत नसत. नोकरी जाईल या धाकानं तिनं स्वतःची पद्धत काढली होती. पहिल्या मजल्याच्या चादरीला पिवळा टाका, दुसऱ्याच्या हिरवा, तिसऱ्याच्या लाल. गव्हाच्या दाण्याएवढा, शोधल्याशिवाय दिसणार नाही असा. पुढं वाचता यायला लागलं, पण टाका घालायची सवय सुटली नाही. धोबीखान्यातली माणसं त्यावरूनच गठ्ठे लावायची. बाकी कुणाला पत्ता नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं.

आणि तिसरा मजला तर अठरा दिवस बंद होता. ढेकूण झालेत म्हणून. तिथल्या चोवीसच्या चोवीस चादरी श्रीधरनं तिला तिथल्याच कपाटात ठेवायला लावल्या होत्या. “एकही खाली येता कामा नये. ढेकूण पसरतील,” असं बजावून.

मग ही खाली आली कशी?

तिनं चादर नाकाशी नेली. ढेकणाच्या औषधाचा वास यायला हवा होता. पण वास होता गोड, उग्र, डोक्यात जाणारा. ओळखीचा. नाव मात्र आठवेना.

तिनं चादर होती तशी सोडून दिली आणि दार ओढून घेतलं.

खाली येऊन ती म्हणाली, “साहेब, पाहुणे खोलीत नाहीत. चपला आहेत, चष्मा आहे.”

“फिरायला गेले असतील टेकडीवर.”

“जानेवारीच्या थंडीत? अनवाणी? चष्मा ठेवून?”

श्रीधरनं मान वर केली नाही. “तुम्ही खोली करा.”

“नाही करायची मी,” सकीना म्हणाली. अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली.

आठ वाजता मुंबईच्या मुख्य कचेरीतून फोन आला. दोनशे सहामधल्या शरच्चंद्र टिपणीसांनी आठच्या आत फोन करायचा होता, तो केलेला नाही. आणि मग कचेरीनं आणखी एक गोष्ट सांगितली. हे साधे पाहुणे नव्हते. आपली ओळख न देता एक रात्र मुक्काम करायचा आणि हॉटेलला गुण द्यायचे, हे त्यांचं काम होतं.

साडेआठला पोलीस आले.

*

उपनिरीक्षक नीरजा रणपिसे बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. तिनं आल्याआल्या पहिली गोष्ट केली. पुढचं शटर खाली ओढायला लावलं आणि मागच्या फाटकाला कुलूप घातलं.

“माणूस मिळेपर्यंत कुणी बाहेर जाणार नाही.”

शटर पडलं तसा स्वागतकक्ष एकदम लहान झाला. दिवे लावावे लागले. खिडक्यांना गज होते, आणि त्यांतून साताऱ्याच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा आत येत होता. बाहेर सगळं जग चाललं होतं आणि आत पोलीस धरून आठ माणसं कोंडली होती.

त्या दिवशी दोनच खोल्या भरलेल्या. दोनशे सहात टिपणीस. दोनशे पाचमध्ये कात्रजपलीकडच्या गावातला बजरंग आणि त्याची बायको मैना. त्यांचं जुनं घर बिल्डरनं पाडलं होतं आणि नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश आज साडेदहाला होता. मधल्या एका रात्रीपुरतं हॉटेल.

“मॅडम, मुहूर्त हाय आमचा,” मैना म्हणाली. “भटजी येऊन बसत्याल.”

“बसू द्या.”

“तासाला दक्षिणा वाढते त्येंची.”

“मग मलाही लवकर सांगा सगळं,” नीरजा म्हणाली.

पुढच्या दारावर एक कॅमेरा होता, मागच्या फाटकावर एक. रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत दोन्हींत बाहेर जाणारा एकही माणूस नव्हता. हवालदारानं पहिला मजला, दुसरा मजला, तळघर, गच्ची, पाण्याच्या टाक्या सगळं पालथं घातलं.

“तिसरा मजला?” नीरजानं विचारलं.

“जाळीच्या दाराला कुलूप आहे, मॅडम. दोन फळ्यांवर मिळून कागद चिकटवलाय, ‘औषध फवारणी, प्रवेश बंद’. कागद फाटलेला नाही.”

श्रीधर पुढं झाला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. “मंगळवारी माझ्यासमोर फवारणी झाली, मॅडम. मी स्वतः उभा होतो. जहाल औषध आहे. कुलपाची किल्ली एकच, ती माझ्या खिशात. तिकडं माशीसुद्धा गेलेली नाही.”

“उघडून दाखवा.”

“अवश्य. पण तोंडाला बांधायचं सामान असलेली माणसं येऊ द्या. कंपनीला फोन केलाय, एक वाजता येतात. तुमच्या हवालदारांना भोवळ आली तर पुन्हा मलाच विचाराल.”

नीरजानं घड्याळ पाहिलं. नऊ वाजत होते.

“बरं. एक वाजता.”

सकीनाच्या डोळ्यांपुढं ती गोळ्यांची पट्टी आली. साखरेच्या आजाराच्या गोळ्या. तिनं त्या लांबूनही ओळखल्या असत्या. तिचा नवरा दादामियाँ त्याच गोळ्या घ्यायचा. साखरेच्या माणसाला फार वेळ उपाशी ठेवून चालत नाही. दादामियाँ असाच एका सकाळी गेला होता, उठवायला उशीर झाला म्हणून.

एक वाजायला चार तास होते.

*

“दोनशे सहाचं दार कुणी उघडलं, ते कळतं का?”

“कळतं ना.” श्रीधरनं संगणक तिच्याकडं वळवला. “प्रत्येक कार्डाची नोंद होते. काल संध्याकाळी सात दहा, पाहुण्यांचं कार्ड. रात्री दहा पाच, आतून उघडलं. आणि मग हे. पहाटे पाच बावन्न. चादरखान्याचं कार्ड.” तो थांबला. “म्हणजे सकीनाबींचं.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

“बाई, रात्री तुम्ही इथंच होता?” नीरजानं विचारलं.

“होय. बदलीची बाई आली नाही. चादरखान्यातच झोपले.”

“पाच बावन्नला कुठं होता?”

“नमाज पढत होते.”

“कुठं?”

“तिथंच. कपाटामागं.”

“आणि कार्ड?”

“दाराजवळच्या खिळ्याला. रोज तिथंच असतं.”

“कुणी आत आलं?”

खरं सांगावं तर खोट्यासारखं वाटणार होतं. “पाठीमागं खिळ्याचा आवाज झाला, मॅडम. कार्ड हलल्याचा. मला वाटलं, करीम साबणाला आला असेल. नमाजात मी मागं वळत नाही.”

“कितीही काही झालं तरी?”

“कितीही.”

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“हॉटेलात सगळ्यांना.”

श्रीधर हलकेच हसला. “सोयीचं आहे.”

नीरजानं वहीत लिहिलं. “दुपारपर्यंत पाहुणे मिळाले नाहीत, तर तुम्हाला चौकीवर यावं लागेल, बाई.”

लाल टाक्याचं सांगावं का? पण चादरी तिच्या ताब्यातल्या. चुकीच्या मजल्याची चादर चुकीच्या पलंगावर, म्हणजे पहिलं बोट तिच्याकडंच. आणि धाग्याच्या एका टाक्यावर कोण विश्वास ठेवणार? मॅनेजरपुढं, पोलिसांपुढं, संगणकाच्या नोंदीपुढं?

ती भिंतीला टेकून बसली आणि ऐकू लागली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

*

रखवालदार मच्छिंद्र मिशीला पीळ देत उभा राहिला.

“रात्रभर जागा होतास?”

“होय, मॅडम. साडेपाचपर्यंत मजल्यांवर फेऱ्या. मग दुधाची गाडी येते, तेव्हा पुढच्या दाराशी बसतो. सात वाजेपर्यंत हललो नाही.”

“मॅनेजर कुठं होते?”

“कचेरीत झोपलेले. दार बंद होतं.”

“कचेरीला दुसरं दार?”

“आहे की, मागं बोळात. चादरखाना, स्वयंपाकघर, लिफ्ट, सगळं त्याच बोळात.”

“म्हणजे तुला दिसत नाही.”

“नाही, मॅडम. मला फक्त दूध दिसतं.”

मग मैनाची पाळी.

“शेजारच्या पाहुण्यांशी बोलणं झालं होतं?”

“काल सांजच्याला. जिन्यात भेटलं. तिसऱ्या मजल्याच्या जाळीपाशी उभं राहून वास घेत होतं कुत्र्यावानी. म्या म्हटलं, काय हरवलं का? तर म्हणलं, नाही, सापडलं.”

“रात्री काही ऐकलंत?”

“रात्री न्हाई. पहाटे. हे घोरत हुते, म्या जागी. भिंतीपलीकडनं घर्रर्र घर्रर्र आवाज. म्हटलं, पेटी ओढत असत्याल. पहाटेची गाडी असंल.”

“मग?”

“मग काय? नळाला गरम पाणी न्हाई. बादली घेऊन खाली निघाले. तर लिफ्ट अडकलेली. बटण दाबून दाबून बोट दुखलं. लई वेळानं आली वरनं, रिकामी. हॉटेल म्हणं! आमच्या गोठ्यात गरम पाणी मिळायचं.”

“गोठा पाडला आता,” बजरंग म्हणाला आणि खिशातून एक पुडी काढून दातानं फाडली.

“अवो, पोलीस हायती म्होरं!” मैनानं त्याच्या हातावर चापट मारली. “बंदी हाय न्हवं त्या गुटख्याला? फेका ती घाण!”

पुडीचा वास कोंडलेल्या हवेत पसरला. गोड, उग्र, डोक्यात जाणारा.

सकीनानं डोळे मिटले. आता नाव आठवलं होतं.

शेवटी आचारी करीम आला. साठीचा, जाडजूड, कायम चिडलेला.

“रात्री कुणाला काय दिलंत?”

“दोनशे पाचला पिठलं-भाकरी. दोनशे सहाला वरण-भात, बिनसाखरेचा चहा. दहाच्या सुमाराला साहेबांना हळद घालून दूध.”

“कुठल्या साहेबांना?”

“आमच्या. श्रीधरसाहेबांना. घसा बसलाय म्हणाले.”

“रात्री बसला होता,” श्रीधर म्हणाला. “दुधानं सुटला.”

“अल्लाची मेहेरबानी,” करीम म्हणाला. “एरवी चहात दोन थेंब दूध पडलं तर पोट बिघडतं म्हणून माझ्यावर ओरडतात. काल सबंध ग्लास पचला. ग्लास मात्र परत आला नाही अजून.”

“आणखी कुणी हळद-दूध मागितलं?”

“या थंडीत सगळेच मागतील, मॅडम, पण द्यायला ‘शांतनिद्रा’ काय सासुरवाडी आहे? पाण्याच्या बाटलीचंही बिल लागतं इथं. एकच ग्लास केला मी.”

सकीना उभी राहिली. पावणेदहा झाले होते.

“मॅडम,” ती म्हणाली, “मला साबणाची वडी आणि तांब्याभर पाणी पाहिजे.”

“आता धुणं काढताय?” श्रीधर म्हणाला.

“होय, साहेब. धुणंच.”

नीरजानं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग हवालदाराला म्हणाली, “द्या त्यांना.”

*

सकीनानं सकाळी खाली आणलेल्या ट्रॉलीतून अभ्रा काढला आणि टेबलावर पसरला. पिवळा डाग सगळ्यांना दिसेल असा.

“हा दोनशे सहाच्या उशीचा. सकाळी साहेबांनी मला घाईनं खोली करायला पाठवलं, तेव्हा काढला. चहाचा डाग वाटेल. वरणाचाही वाटेल. पण धुणारणीला एक गोष्ट माहीत असते.”

तिनं डागावर पाणी शिंपडलं आणि साबण चोळला.

पिवळा डाग बघताबघता लालभडक झाला.

“अगं बया, रगत!” मैना ओरडली.

“रक्त नाही, ताई. हळद. साबण लागला की लाल होते. चहा होत नाही.”

“वरणातही हळद असते,” श्रीधर म्हणाला.

“असते. पण वरणाला फोडणीचं तेल असतं. तेलकट कडा राहते. ह्याला कड नाही, आणि हुंगून पाहा, मॅडम, दुधाचा आंबूस वास येतो. करीमनं एकच ग्लास दूध केलं, ते साहेबांना दिलं. मग ते दोनशे सहाच्या उशीवर कसं सांडलं?”

बाहेर एक ट्रक गेला आणि शटर थरथरलं.

“बोला, मावशी,” नीरजा म्हणाली. ‘बाई’ची ‘मावशी’ झाली, हे सकीनाच्या लक्षात आलं.

“रात्री दहा पाचला पाहुण्यांनी दार आतून उघडलं. कुणासाठी? ग्लास घेऊन आलेल्या माणसासाठी. जे हॉटेल पाणी फुकट देत नाही, तिथला मॅनेजर स्वतः दूध घेऊन आला. बिचाऱ्यांनी गुण वाढवले असतील त्याबद्दल. दुधात झोपेचं काहीतरी होतं. अर्धं प्यायले आणि कलंडले, थोडं उशीवर सांडलं.

“पण तेव्हा त्यांना हलवता येत नव्हतं. मच्छिंद्रच्या फेऱ्या चालू होत्या. साडेपाचला तो दाराशी बसतो. पावणेसहाला मी नमाजाला उभी राहते. तेवढी एक वेळ बोळ मोकळा. कचेरीचं मागचं दार उघडायचं, खिळ्यावरचं माझं कार्ड घ्यायचं. स्वतःचं कार्ड वापरलं तर नोंद होईल ना. आणि मी वळून बघणार नाही, हे सगळ्या हॉटेलाला ठाऊक.”

“नोंदीत तुमचं नाव आहे, माझं नाही,” श्रीधर म्हणाला.

“म्हणूनच सात वाजता मला खोली करायला पाठवलंत. नियम मोडून. माझा हात तिथं सगळीकडं लागावा म्हणून.” सकीनाचा आवाज आता स्थिर झाला होता. “मॅडम, एकट्या माणसाला दुसरा माणूस उचलत नाही. पण तो चादरीवर असेल, तर चादरीसकट ओढता येतो. गुळगुळीत फरशी. घर्रर्र, घर्रर्र. ताईंनी ऐकली ती पेटी नव्हती.”

“आई गं,” मैना पुटपुटली.

“ओढत लिफ्टपर्यंत. आणि ती लिफ्ट ताईंना मिळेना. लई वेळानं आली वरनं. दुसऱ्या मजल्याच्या वर लिफ्ट कुठं जाते? गच्चीला जिना आहे. लिफ्ट जाते फक्त तिसऱ्या मजल्यावर, त्या जाळीच्या दाराशी.”

नीरजाची पेन्सिल थांबली.

“तिथं ते पाहुण्यांना ठेवून आले. चादर त्यांच्या अंगाखालीच राहिली. पण खाली पलंग उघडा दिसला असता, तर कुणीही विचारलं असतं, चादर कुठं गेली? मग तिथल्याच कपाटातून एक काढली, खाली आणून टाकली, चुरगळली. पांढरी चादर ती पांढरी चादर.” तिनं श्रीधरकडं पाहिलं. “तुम्हाला तसं वाटलं, साहेब. माझ्या चादरी सारख्या नसतात.”

तिनं टाक्याची गोष्ट सांगितली. पिवळा, हिरवा, लाल. हवालदार धावत वर गेला, दोनशे सहाची चादर आणि पहिल्या मजल्यावरची एक चादर घेऊन आला. नीरजानं टोकं उलटी केली. एक टाका पिवळा होता. दुसरा लाल.

“एवढा धागा आणि माणसाला फासावर चढवणार तुम्ही?” श्रीधर म्हणाला. भांगाखाली कपाळ चमकत होतं. “कुणीही वर गेलं असेल. मच्छिंद्र गेला असेल!”

“कसा जाईल?” सकीना म्हणाली. “किल्ली एकच, ती तुमच्या खिशात. माशीसुद्धा गेलेली नाही. तुम्हीच सांगितलंत मघाशी, सगळ्यांच्या समोर.”

श्रीधरचा हात खिशाकडं गेला.

“आणि कागद?” हवालदारानं विचारलं. “तो फाटलेला नव्हता.”

“जुना फाडून नवा लावायला किती वेळ लागतो, भाऊ? साहेबांच्या खणात गठ्ठा आहे त्यांचा. मॅडम, ती चादर हुंगा आता.”

नीरजानं हुंगली. मग तिची नजर बजरंगच्या हातातल्या पुडीवर गेली.

“मंगळवारी जहाल औषध मारलं म्हणाले. औषधाचा वास कुठं आहे? ढेकूण नव्हतेच तिथं. खोल्या भरल्यात त्या बंदीच्या मालानं. म्हणून मजला बंद. टिपणीससाहेबांना जाळीतून तोच वास आला. ते ताईंना म्हणाले ना, हरवलं नाही, सापडलं. जाळीपाशी साहेबांनीही त्यांना पाहिलं असणार.” सकीना नीरजाकडं वळली. “मॅडम, मी चुकत असेन तर चौकीवर न्या. पण आधी ते दार उघडा. त्यांना साखर आहे. रात्रीची गोळी अंगात, आणि पोटात सकाळचं अन्न नाही. एक वाजेपर्यंत थांबलात, तर माणूस नुसता मिळेल, जिवंत मिळायचा नाही.”

श्रीधर शटरकडं वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. शटर खाली होतं. मागच्या फाटकाला कुलूप होतं. खिडक्यांना गज होते. सकाळपासून सगळ्यांना अडकवून ठेवणारी ती जागा आता एकट्या त्याच्याभोवती आवळली होती.

नीरजानं हात पुढं केला.

“किल्ली.”

*

टिपणीस तीनशे तीनमध्ये सापडले. छतापर्यंत रचलेल्या पोत्यांच्या मधल्या बोळकांडीत, फरशीवर, चादरीत गुंडाळलेले. अंग घामानं भिजलेलं, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. शेजारी करीमचा ग्लास पडला होता.

सकीना गुडघ्यांवर बसली. करीमनं आणलेलं साखरेचं पाणी तिनं बोटानं त्यांच्या गालाच्या आत लावलं, पुन्हा लावलं. एका हातानं त्यांचं डोकं धरलं होतं, दुसऱ्या हाताला चादरीचं टोक लागलं. तिनं ते उलटून पाहिलं.

हिरवा.

“दोन दिवसच ठेवणार होतो,” दारात उभा असलेला श्रीधर बोलत होता. हवालदारानं त्याचं मनगट धरलं होतं. “माल हलवला की सोडणार होतो. मारायचं नव्हतं मला. साखरेचं मला काय माहीत?”

“गोळ्या टेबलावर होत्या, साहेब,” सकीना मागं न वळता म्हणाली. “चष्म्याशेजारीच.”

रुग्णवाहिका आली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शटर वर गेलं आणि उन्हाचा पट्टा थेट जिन्यापर्यंत आला. बजरंग आणि मैना पिशव्या उचलून पळतच निघाले. दारात मैना वळली.

“बी, या बरं का घरला. फ्लॅट हाय, पन चहा गरम मिळंल.”

*

तीन आठवड्यांनी मुख्य कचेरीतून एक लिफाफा आला. टिपणीसांनी दवाखान्यातून लिहिलेल्या अहवालाची प्रत. वर सकीनाचं नाव होतं. करीम वाचून दाखवायला पुढं झाला, तर तिनं हात आडवा केला.

ती चादरखान्यात गेली, खिळ्याखालच्या स्टुलावर बसली, आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागली.

“मुक्काम : संमिश्र अनुभव. गरम पाणी : शून्य. लिफ्ट : वेळेवर मिळत नाही. जेवण : वरण बरे. मॅनेजर : अति अगत्यशील, हा दोष समजावा. कीटकनाशक फवारणी : कागदोपत्री. चादरी : दहापैकी दहा. दुसऱ्या मजल्याची एक चादर तिसऱ्या मजल्यावर आढळली. चादर खात्याकडून खुलासा मागवू नये. खुलासा मिळालेला आहे.”

खाली सहीच्या जागी सही होती. आणि सहीशेजारी, कागदातून आरपार घातलेला, गव्हाच्या दाण्याएवढा हिरवा टाका.

सकीनानं तो उलटून पाहिला. गाठ कच्ची होती. पुरुषाच्या हातची.

तिनं सुई घेतली आणि पक्की केली.